ओव्हनमधले भरले टोमॅटो: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

भरल्या टोमॅटोंचे फोटो बघितले की वाटतं, यात आहे काय? टोमॅटो कोरायचा, सारण भरायचं, ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा. आणि पाऊण तासाने दार उघडावं तर ट्रेमध्ये लालसर पाणी साचलेलं, टोमॅटो एका अंगावर कललेले, वरचा चुरा करपलेला आणि आतला तांदूळ दाताखाली कचकचतोय. सगळं मोजूनमापून घातलेलं असतं, तरी असं होतं. कारण बहुतेक पाककृती साहित्य सांगतात आणि पाण्याबद्दल गप्प बसतात.

टोमॅटोच्या वजनात सुमारे ९४ ते ९५ टक्के पाणी असतं. म्हणजे २०० ग्रॅमच्या एका टोमॅटोत जवळपास १९० ग्रॅम पाणीच. उष्णता लागली की गराची घट्ट वीण सैल पडते आणि हे पाणी सुटायला लागतं. त्यातलं किती आधीच काढून टाकायचं आणि उरलेलं कुणाला प्यायला लावायचं, हे ठरलं की पदार्थ जमला. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत, त्यामुळे एखादी पायरी गाळावीशी वाटली तर ती पाण्याचं काय काम करते हे आधी बघा आणि मग ठरवा.

## १. आधी ठरवा: तांदूळ की ब्रेडचा चुरा?

सारणं शेकडो आहेत, पण पद्धती मुळात दोनच.

पहिली ग्रीसची. तिथे तांदूळ, कांदा आणि भरपूर हिरवा पाला घालून टोमॅटो भरतात आणि सावकाश भाजतात. या पदार्थाचं नाव येमिस्ता. यात सुटलेलं पाणी तांदूळ पितो, म्हणून टोमॅटोतलं पाणी इथे कामाला येतं. वेळ लागतो, पण पोटभरीचं जेवण होतं.

दुसरी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या प्रोव्हान्स भागातली. टोमॅटो आडवा कापून दोन वाट्या करायच्या आणि वर लसूण, पार्सली, तेल घातलेला ब्रेडचा चुरा लावायचा. इथे चुरा कुरकुरीत राहायला हवा, म्हणून पाणी आधीच काढून टाकावं लागतं.

ओव्हन नवीन असेल आणि त्याचा स्वभाव अजून कळला नसेल तर चुऱ्यापासून सुरुवात करा. बिघडलं तरी फारसं बिघडत नाही. पण खरी मजा तांदळाच्या टोमॅटोत आहे असं माझं मत, म्हणून या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

## २. टोमॅटो निवडणं

निम्मं काम इथेच होतं, आणि घाईही नेमकी इथेच होते.

एक टोमॅटो १५० ते २०० ग्रॅमचा, साधारण ७ ते ८ सेंटिमीटर रुंद हवा. रंग पूर्ण लाल, पण दाबला तर बोट आत जाता कामा नये. पिळपिळीत झालेला टोमॅटो कोरतानाच फाटतो. हिरवट-कच्चा टोमॅटो आकार छान धरतो, पण त्याला चव नसते आणि भाजूनही ती येत नाही. दोन्हींच्या मधला, घट्ट आणि पिकलेला, असा बघून घ्या. देठाजवळ चिरा असतील तर तो बाजूला ठेवा. भाजताना साल तिथूनच उकलते.

सगळे टोमॅटो सारख्या मापाचे असू द्या. एक मोठा आणि बाकी लहान असले तर लहान गळून जातात तेव्हा मोठ्यातला तांदूळ अजून कच्चा असतो. हवे असतील त्यापेक्षा एक जास्त आणा. कोरताना एखाद्याला भोक पडतंच, आणि नाही पडलं तर जादाचा टोमॅटो सारणात जातो.

लांबट टोमॅटोच मिळाले तर ते उभे बसवायच्या फंदात पडू नका. उभे चिरून होडीसारखे करा आणि चुऱ्याची पद्धत वापरा. त्यांच्यात गर जाड आणि रस कमी असतो, त्यामुळे चुऱ्याला ते उलट चांगलेच.

अजून एक. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवले असतील तर दोन तास आधी बाहेर काढा. थंडगार टोमॅटो ओव्हनमध्ये गेला की तो तापण्यातच दहा मिनिटं जातात आणि मग तुम्ही पाककृतीला दोष देता.

## ३. काय काय लागेल

सहा टोमॅटोंचं प्रमाण देते. तांदळाच्या सारणासाठी:

- टोमॅटो ६ (सगळे मिळून १ ते १.२ किलो) आणि एक जास्तीचा
- तांदूळ १०० ग्रॅम, आखूड किंवा मध्यम दाण्याचा
- मोठा कांदा १, बारीक चिरून
- लसणाच्या पाकळ्या ३
- ऑलिव्ह तेल ५ मोठे चमचे (ते नसेल तर वास नसलेलं कोणतंही तेल)
- पार्सली, पुदिना आणि शेपू, बारीक चिरून सगळं मिळून एक वाटी
- बटाटे २
- मीठ, मिरपूड, अर्धा छोटा चमचा साखर
- ब्रेडचा चुरा २ मोठे चमचे

लांब, सुटसुटीत शिजणारा तांदूळही चालतो, पण सारण मोकळं राहतं आणि कापताना सांडतं. आखूड दाणा एकमेकांना धरून राहतो.

भांड्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे दोन सापळे आहेत.

बेकिंगचं भांडं काचेचं, चिनी मातीचं, स्टीलचं किंवा इनॅमलचं घ्या. उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये टोमॅटो तासभर ठेवला की त्यातलं आम्ल धातूवर काम करतं, रसाला धातूची चव येते आणि ट्रेवर डाग पडतात. लोखंडी बिडाच्या भांड्याचंही तसंच. त्यावर तेलाचा जो थर बसवलेला असतो तो या आंबट रसात उतरायला लागतो. फॉइलने झाकायचं असेल तर ती टोमॅटोला टेकू देऊ नका, मध्ये बटर पेपर घाला.

दुसरा सापळा भांड्याच्या मापाचा. भांडं मोठं असलं की टोमॅटो सुटे सुटे बसतात, एकेक करून कलंडतात आणि रस पसरून तळाशी करपतो. सहा टोमॅटोंना साधारण २५ × १८ सेंटिमीटरचं, ५-६ सेंटिमीटर खोल भांडं पुरतं. टोमॅटो एकमेकांना खेटून बसले पाहिजेत.

बाकी हत्यारं साधी: दातेरी सुरी (गुळगुळीत सालीवरून ती घसरत नाही), पातळ कडेचा छोटा चमचा, गाळणी, टोमॅटो पालथे घालायला जाळी किंवा रोवळी. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळाला तर जरूर घ्या. बटणावर १८० लिहिलेलं असलं तरी आतलं तापमान बऱ्याचदा वेगळंच असतं.

## ४. कोरणं

टोमॅटो धुऊन पूर्ण कोरडे करा. आता बहुतेकजण देठाकडची बाजू कापून टोपी करतात. दिसायला ते छान, पण मग टोमॅटो त्याच्या गोल बुडावर बसतो आणि डुगडुगतो. मग बूड सपाट करायला खालून चकती कापली जाते, भिंत तिथे पातळ होते आणि सगळा रस तिथून गळतो. मी टोमॅटो उलटाच धरते: देठाची बाजू खाली, गोल बूड वर. देठाकडचा भाग रुंद आणि घट्ट असतो, टोमॅटो त्यावर नीट बसतो. टोपी वरच्या गोल भागाची करायची, म्हणजे सेंटिमीटरभर जाडीचा काप. एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवला तर कुठली टोपी कुणाची हा घोळ होत नाही.

आता सुरीच्या टोकाने आतल्या बाजूने, सालीपासून ६ ते ८ मिलिमीटर आत, गोलाकार चीर द्या. मधले उभे पडदे दोन-तीन ठिकाणी छेदा. मग चमचा घालून गर उचला. चमच्याने सरळ खरवडायला सुरुवात केली तर भिंत कुठे जाड, कुठे कागदासारखी होते. तळाशी निदान सेंटिमीटरभर गर राहू द्या. तिथला पांढरट कठीण कोंब पूर्ण काढायचा मोह होईल. तो आवरा, बूड त्यावरच उभं आहे.

निघालेलं सगळं एका वाडग्यात घ्या. बिया आणि त्यांच्याभोवतीचा बुळबुळीत रस टाकून देऊ नका. टोमॅटोची जी भरीव, मांसल चव आपल्याला आवडते ती ज्या ग्लुटामेटमुळे येते, ते या रसात बाहेरच्या गरापेक्षा जास्त असतं. बिया नको असतील तर गाळणीतून दाबून रस काढून घ्या. पण तो घ्याच. सहा टोमॅटोंतून साधारण दीड ते दोन कप गर निघतो.

भोक पडलंच तर घाबरू नका. लहान असेल तर आतून ब्रेडच्या चुऱ्याची चिमूट दाबा. मोठं असेल तर तो टोमॅटो चिरून गरात टाका आणि जादाचा घ्या.

## ५. मीठ लावून पालथे घालणं

कोरलेल्या प्रत्येक टोमॅटोला आतून चांगली चिमूटभर मीठ चोळा आणि जाळीवर पालथे घाला. खाली ताटली ठेवा. मीठ पेशींमधलं पाणी ओढून बाहेर काढतं. थोड्याच वेळात ताटलीत थेंब साचायला लागतात.

किती वेळ ठेवायचं हे सारणावर ठरतं. चुऱ्याची पद्धत असेल तर पूर्ण अर्धा तास, त्यात काटकसर नको. तांदळाची असेल तर पंधरा मिनिटं पुरेत. तिथे मीठ मुख्यतः चवीसाठी आहे, कारण टोमॅटोच्या भिंतीला स्वतःची खारट चव नसली तर सारण कितीही चांगलं असो, खाताना साल पाणचट लागते.

नंतर आतून कागदी रुमालाने हलकेच टिपून घ्या. ताटलीतला रस खारट असतो. तो सारणात घालणार असाल तर चाखून घाला आणि सारणात मीठ त्या बेताने टाका. मीठ दोनदा पडणं ही या पदार्थातली सगळ्यात हमखास होणारी चूक आहे. फेटासारखं खारं चीज असेल तर ती तिप्पट होते.

## ६. तांदळाचं सारण

तीन मोठे चमचे तेल तापवून कांदा मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता. तो मऊ आणि पारदर्शक झाला पाहिजे, तांबूस नको. इथे घाई केली तर टोमॅटोच्या आंबट रसात कांदा पुढे मऊ होतच नाही आणि प्रत्येक घासाला कचकच लागतो. मग ठेचलेला लसूण, अर्धं मिनिट. मग धुऊन निथळलेला तांदूळ घालून दोन मिनिटं परता.

आता टोमॅटोचा गर बारीक चिरून त्यातला सुमारे २५० मिलिलिटर घाला. साखर, मिरपूड, थोडं मीठ घाला. झाकण न ठेवता मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं शिजू द्या. दाणा दातांनी तोडून बघा: बाहेरून मऊ आणि मध्ये पांढरा कडक ठिपका दिसला की गॅस बंद.

इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे तांदूळ पूर्ण शिजवून भरणं. तो नंतर तासभर ओव्हनमध्ये टोमॅटोचं पाणी पीत राहतो आणि लगदा होतो. दुसरी म्हणजे कच्चा तांदूळ कोरडाच भरणं, टोमॅटोचं पाणी आहेच की, या भरवशावर. आंबट रसात तांदूळ साध्या पाण्यापेक्षा सावकाश शिजतो, तेव्हा तो भरवसा पुरत नाही. अर्धकच्चा तांदूळ आणि भोवती सैलसर रस, हे सुरक्षित. गॅस बंद करताना सारण तुम्हाला जरा जास्तच पातळ वाटेल. तसंच हवं.

हिरवा पाला आता घाला, गॅस बंद झाल्यावर. पुदिना आणि शेपू यांना हात आखडता घेऊ नका. ओव्हनमधून आल्यावर त्यांचा वास निम्मा उरतो.

सारणात आणखी काय काय घालता येईल? बरंच काही, पण दोन नियम आहेत. कडधान्य किंवा डाळ घालायची असेल तर ती आधी वेगळी, पूर्ण मऊ शिजवून घ्या. आम्लात ती मऊ होत नाहीत, कितीही वेळ भाजलं तरी. आणि खिमा घालायचा असेल तर तो आधी कढईत मोकळा करून त्याचं पाणी आटेपर्यंत परता, म्हणजे टोमॅटोच्या पाण्यात त्याची भर पडत नाही. सारणाच्या मध्यभागी तापमान निदान ७१ अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे, कोंबडीचा खिमा असेल तर ७४. मशरूम, वांगं, दुधी असलं काहीही पाणीदार घालताना हेच: आधी परता, पाणी आटवा, मग सारणात.

## ७. भरणं आणि मांडणी

टोमॅटो तीन चतुर्थांश भरा. शीग लावायची नाही. तांदूळ फुगतो आणि जागा नसली की एक तर साल फोडतो किंवा टोपी ढकलून बाहेर येतो. सारण चमच्याने दाबूही नका, सैल पडू द्या. वर प्रत्येकात एक मोठा चमचा उरलेला पातळ रस घाला आणि टोपी ठेवा. टोपीवर तेलाचं बोट फिरवा, नाहीतर ती सुकून चामड्यासारखी होते.

बटाट्यांच्या जाडसर फोडी करून मीठ-तेल चोळून टोमॅटोंच्या मधल्या फटींत खोचा. ग्रीसमध्ये बटाटे असेच घालतात आणि त्यामागे हुशारी आहे. ते टोमॅटोंना आधार देतात आणि ट्रेमध्ये गळलेला रस पितात. ट्रेमधला सगळ्यात चविष्ट भाग हे बटाटेच असतात, ही गोष्ट पाहुण्यांना आधी सांगायची गरज नाही.

भांड्याच्या तळाशी उरलेला रस, शंभर मिलिलिटरच्या आसपास, ओता. उरलेलं तेल सगळ्यावरून सोडा. ब्रेडचा चुरा वरून भुरभुरा.

## ८. ओव्हन

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर निदान पंधरा मिनिटं आधी तापवा. पंखा असलेला ओव्हन असेल तर १६० पुरे. भांडं मधल्या खणात. आधी झाकून ४० मिनिटं, मग झाकण काढून आणखी ३० मिनिटं. पहिल्या टप्प्यात कोंडलेल्या वाफेत तांदूळ शिजतो, दुसऱ्यात रस आटतो आणि कडा खरपूस होतात. सुरुवातीपासून उघडं ठेवलं तर वरचा तांदूळ शिजण्याआधीच वाळतो, आणि तो मग काही केल्या मऊ होत नाही.

ओटीजी असेल तर खालचा आणि वरचा, दोन्ही रॉड चालू ठेवा. लहान ओटीजीत वरचा रॉड टोमॅटोच्या अगदी जवळ येतो, म्हणून भांडं एक खण खाली घ्या आणि झाकण काढल्यावर दहा मिनिटांनी डोकावून बघा. साधा मायक्रोवेव्ह या कामाचा नाही. त्यात टोमॅटो उकडतो, भाजत नाही. कन्व्हेक्शन मोड असेल तर तो वापरा. एअर फ्रायरमध्ये तांदळाचे टोमॅटो मी करणार नाही. चुऱ्याचे चालतील, पण पंख्याच्या वाऱ्याने कोरडा चुरा उडतो, तेव्हा तो तेलात नीट कालवून दाबून बसवा.

वेळ संपली म्हणून बाहेर काढू नका, खुणा बघा. साल सुरकुतलेली, कडा जागोजाग काळपट-तपकिरी. ट्रेमधला रस घट्ट झालेला आणि कडेला तेल सुटलेलं. बटाट्यात सुरी सहज जाते. शेवटी एका टोमॅटोची टोपी उचलून मधले चार दाणे चाखा. कच्चट असतील तर त्यात दोन चमचे गरम पाणी घाला, पुन्हा झाका आणि पंधरा मिनिटं ठेवा. रस खूप पातळ दिसत असेल तर उलट, उघडं ठेवून तापमान २०० करा. दहा मिनिटांत फरक दिसतो.

एखाद्याची साल उकलली तर उकलू द्या. चवीत काही फरक पडत नाही.

## ९. चुऱ्याचे टोमॅटो, थोडक्यात

टोमॅटो आडवा कापा, बोटाने बिया काढा, मीठ लावा, अर्धा तास पालथे. मग जाड बुडाच्या तव्यात थोडं तेल तापवून कापलेली बाजू खाली ठेवून चार-पाच मिनिटं न हलवता भाजा. या एका कृतीने पाणी आणखी आटतं आणि चव कितीतरी गडद होते. हे सहसा वगळलं जातं, तुम्ही वगळू नका.

सहा टोमॅटोंच्या बारा वाट्यांना शिळ्या ब्रेडचा दीड कप भरड चुरा लागतो. त्यात दोन-तीन लसणाच्या पाकळ्या अगदी बारीक करून, मूठभर चिरलेली पार्सली, मिरपूड, तीन मोठे चमचे तेल. हवं तर किसलेलं कडक चीज. चुऱ्याचा प्रत्येक कण तेलाने ओलसर दिसला पाहिजे. कोरडा राहिलेला चुरा आधी भुकटीसारखा लागतो आणि नंतर करपतो. ताजा मऊ ब्रेड वापरू नका, त्याचा गोळा होतो. तोच हाताशी असेल तर चुरा करून १५० अंशांवर दहा मिनिटं वाळवून घ्या.

इथे मात्र शीग लावायची. तांदळासारखं फुगणारं काही नाही. २०० अंशांवर उघडंच, २५ ते ३० मिनिटं. चुरा सोनेरी झाला आणि टोमॅटो अजून आकार धरून असला की काढा.

## १०. बाहेर काढल्यावर

लगेच वाढू नका. तांदळाचे टोमॅटो निदान अर्धा तास ट्रेमध्येच निवू द्या. गरम असताना रस पातळ असतो, सारण सांडतं, आणि आतलं पाणी इतकं तापलेलं असतं की पहिल्याच घासाला जीभ भाजते. निवताना तांदूळ राहिलेला रस ओढून घेतो आणि टोमॅटो उचलता येण्याजोगा होतो. येमिस्ता कोमट किंवा साध्या तापमानालाच खातात, तेव्हा पाहुणे उशिरा आले तरी बिघडत नाही. उचलताना रुंद उलथनं तळापर्यंत सरकवा आणि दुसऱ्या हाताने चमच्याचा आधार द्या. टोपीला धरून उचलायला जाऊ नका. चुऱ्याचे टोमॅटो मात्र पाच मिनिटांत वाढा, नाहीतर खालून ओल चढते.

## ११. उरले तर, आणि आधी करून ठेवायचे असतील तर

तांदूळ असल्यामुळे हे टोमॅटो ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जिवाणू साध्या तापमानाला वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. निवून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तिथे तीन दिवस चांगले राहतात. दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरलेली असते, हे खरंच. गरम करताना ओव्हन १६० अंशांवर, झाकून, वीस मिनिटं, आतपर्यंत वाफाळेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये गरम केले तर भिंत गळून पडते, पण एकटं खायचं असेल आणि भूक लागली असेल तर चालतंय.

फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाण्याचे बर्फ होताना पेशी फाटतात आणि वितळल्यावर टोमॅटोचं पोतेरं होतं. फक्त सारण फ्रीझ करता येतं.

सकाळी तयारी करून संध्याकाळी भाजायचे असतील तर सारण आणि कोरलेले टोमॅटो वेगवेगळे फ्रिजमध्ये ठेवा. सारण गरम असताना डब्यात बंद करू नका, ताटात पसरून आधी निववा. मीठ ऐनवेळी लावा. भरून ठेवलेला टोमॅटो आठ तासांत बुडाशी मऊ पडतो आणि भांड्यातून उचलताना फाटतो.

गर उरला असेल तर तो लसूण आणि तेलावर दहा मिनिटं आटवा. झाला सॉस. टोमॅटो वाढताना ताटलीत खाली हाच पसरा, म्हणजे कोरडे वाटत नाहीत.